हरेश, ती रेघ माझी नव्हती

शोकसभेत मी तुझ्याबद्दल चांगलं बोललो. तुझ्या माकुणसारच्या शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या, कंपनीतली आपली जुनी मंडळी बोईसरहून आली होती, आणि कोणीतरी माइक माझ्या हातात दिला. हरेश म्हणजे सरळ माणूस, म्हणालो. इन्स्ट्रुमेंट विभागातला सगळ्यात चोख हात, म्हणालो. पोटात एक आणि ओठात एक असं त्याचं कधी नव्हतं, म्हणालो. त्या वाक्याला पहिल्या रांगेतल्या सुनंदावहिनींनी, तुझ्या बायकोने, मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, भरून आलं असेल. त्या बघण्याचा अर्थ मला चार दिवसांनी कळला.

आता खरं बोलतो, इथे माइक नाही. तू गेलास त्याला आज तेवीस दिवस झाले आणि मी तुझ्यावर भयंकर चिडलेलो आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांनी हे ठरवलं त्यांना तुझ्यासारखा मित्र नसणार. हे मी आपल्या कामाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय. वही माझ्या खोलीवर आहे. ती वहिनींच्या हाती पडणार नाही एवढी काळजी मी घेतली आहे.

पाच वर्षांपूर्वी तू नकाशांची गुंडाळी काखेत मारून माझ्या खोलीवर आलास तेव्हाच मी तुला जिन्यावरून परत पाठवायला हवं होतं. हरिकेन. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, आपल्या लोकांनीही ब्रह्मदेशावर उडवलेलं, त्याची बरोबर एक चतुर्थांश प्रतिकृती करायची. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा फूट, लांबी आठ फूट, पेट्रोलचं इंजिन, आणि उडवायचं जमिनीवर उभं राहून, हातातल्या रिमोटवर. तू फरशीवर नकाशा पसरलास आणि माझी कॉट उचलून बाहेर ठेवली, कारण पंख मावत नव्हता. मी विचारलं, हे उडवणार कुठे. तारापूरचं अणुवीज केंद्र उशाशी, इथे एवढं धूड आकाशात सोडायचं नावही काढता येत नाही. तू म्हणालास, तुझ्या घाटावर. माझ्या गावापासून तासाभरावर एका क्लबाची धावपट्टी आहे, ती तू आधीच शोधून ठेवली होतीस. मला विचारायला आलाच नव्हतास तू, मला धरून न्यायला आला होतास.

आणि मी आलो. मी टर्नर माणूस, लेथवर उभा राहून आयुष्य गेलेलं. बायको-पोरं गावाला आईपाशी, मी इथे भाड्याच्या खोलीत. रविवारी करायचं काय, तर धुणं धुवायचं आणि झोपायचं. त्यापेक्षा मोटरसायकल काढून तुझ्या वाडीत यायचं, पेंढा ठेवायच्या शेडमध्ये दिवसभर प्लायवूड कापायचं, तुझ्याशी भांडायचं आणि वहिनींच्या हातचं जेवायचं, हे मला परवडण्यासारखं होतं. दुपारच्या ताटात माझ्यासाठी वेगळा ठेचा असायचा, घाटावरच्या जिभेला तुमचं कालवण मिळमिळीत लागतं म्हणून.

किती छळलंस रे मला. पंखातून पुढे आलेल्या चार तोफा. पितळेची नळी, तिच्यावर स्प्रिंग गुंडाळलेली. मी पहिल्या चार करून आणल्या, तू कॅलिपर लावून म्हणालास, अर्ध्या मिलिमीटरने जाड आहेत. अर्धा मिलिमीटर. शंभर फुटांवरून ते कोणाला दिसणार होतं? तू म्हणालास, मला माहीत असणार ना. पुन्हा केल्या. चाकांच्या हबचं तेच. कॉकपिटमधले डायल तर तू स्वतः केलेस, तांदळाच्या दाण्याएवढे काटे, प्रत्येकावर आकडे, भिंगातून बघून रंगवलेले. आणि त्या डायलांपुढे बसणाऱ्या बाहुल्याच्या मिशीवरून आपण दोन महिने भांडलो. तुला मिशी हवी होती, मला नको होती. शेवटपर्यंत तो बाहुला ओठावर पेन्सिलीचा ठिपका घेऊन बसला आहे. त्याचं काय करायचं ते तू सांगितलेलं नाहीस.

पण एका गोष्टीवर आपलं कधी भांडण झालं नाही, आणि तीच तू मोडलीस, म्हणून ती आधी लिहितो. आपल्या प्लांटवर शिकलेली सवय ती. ज्याने नट आवळला त्याने त्यावर खूण करायची नाही. दुसऱ्याने यायचं, स्वतःचा पाना लावून बघायचं, आणि घट्ट असेल तर नटावरून बोल्टवर रंगाची रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते. तुझी रेघ पांढरी, माझी पिवळी. त्या विमानात असा एक स्क्रू नाही ज्याच्यावर दोघांपैकी एकाची रेघ नाही. तू रिटायर झाल्यावर आठवडाभर एकटा काम करायचास आणि ते सगळं रविवारपर्यंत माझी वाट बघत पडून राहायचं. वहीतही दोन रकाने, केलं आणि पाहिलं. पाहिलंच्या रकान्यात दुसऱ्याची सही नसेल तर ते काम झालेलंच नाही, असं तूच म्हणायचास. शेपटीच्या पट्टीचा एक स्क्रू तू आवळून विसरलास, मी पाना लावला तर तो हाताने फिरला. त्या दिवशी तू मला दोनदा चहा पाजलास आणि वहिनींना ती हकीकत चार वेळा सांगितलीस.

वहिनींच्या घरातही ती सवय शिरली होती. गॅसचा सिलिंडर त्या बदलायच्या आणि तू वास घेऊन बघायचास. मी आलेलो असलो तर मला हाक मारायच्या. भाऊजी, जरा बघा आनि रेघ मारा, असं हसत हसत म्हणायच्या. माझ्या पिवळ्या रेघेवर त्या बाईचा जेवढा विश्वास होता तेवढा तुझ्या बोलण्यावर नव्हता, आणि हे तुला पक्कं माहीत होतं.

त्या बाईचं मी किती देणं लागतो तेही तुला माहीत होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा तू मला स्कूटरवर मागे बसवून, पडू नये म्हणून पंच्याने स्वतःच्या पाठीला बांधून माकुणसारला आणलंस. तुमचं नवं लग्न झालेलं. वीस दिवस त्यांनी मला उसाचा रस आणि पेज पाजली, परका माणूस घरात पडलेला असून कपाळाला आठी नाही. त्यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानायला गेलो असतो तर तू शिवी दिली असतीस. आज मानतो. आणि लगेच पुढचं बोलतो, कारण राग त्याने उतरत नाही.

पावसाळा संपला तेव्हापासून तू बदलला होतास. फाटकापासून शेडपर्यंत पन्नास पावलं, त्यात तू दोनदा थांबायचास. एकदा सुपारीच्या झाडाला हात लावून वर बघत उभा राहिलास, जणू सुपाऱ्या मोजतोस. मी विचारलं तर म्हणालास, गॅस झालाय. पंख उचलायचा म्हटला की तू स्टुलावर बसून मला हुकूम सोडायचास. मी तुला काय काय बोललो. आयतोबा म्हणालो. पेन्शनर म्हणालो. रिटायर होऊन हाडात आळस भरलाय म्हणालो. तू नुसता हसायचास. तुला तोंड होतं ना रे? एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतंस, की माझ्या छातीत दुखतंय. मी तो पंख तुझ्या डोक्यात घातला असता आणि तुला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं असतं.

त्याच दिवसांत आपण इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. शेपूट नारळाला दोरखंडाने बांधलं, मी पंखा फिरवला, आणि अख्ख्या आळीतल्या कोंबड्या पळाल्या. वहिनींच्या दोरीवरच्या साड्यांवर तेलाचे शिंतोडे उडाले आणि त्या ओरडायच्या ऐवजी कानांवर हात ठेवून हसत उभ्या राहिल्या. चाकं आत ओढणारी हवेची यंत्रणा तू चार महिने साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधत दुरुस्त केली होतीस. स्टँडवर चढवून बटण दाबलं तर दोन्ही पाय एकदम आत गेले. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. धुराने आलं असं तू म्हणालास आणि मी ते मानलं. जानेवारीतली तारीख धावपट्टीवाल्यांनी दिली होती. आपण वहीच्या मुखपृष्ठावर ती लाल शाईने लिहिली.

त्या सोमवारी मी पहिल्या पाळीला होतो. दहाच्या सुमारास तुझ्या शेजाऱ्याचा फोन आला. मी लेथ चालू ठेवूनच निघालो, सुपरवायझरने मागून बंद केला असं नंतर कळलं. पोचलो तेव्हा तुला घरात आणलं होतं. तू पायपंपाने हवेच्या टाकीत हवा भरत होतास. पायपंपाने, तसल्या छातीने. वहिनी चहा घेऊन शेडमध्ये गेल्या तर तू डाव्या चाकाला पाठ टेकून बसलेला. त्यांना आधी वाटलं, काहीतरी बघतोयस. मी त्यांच्यासमोर गेलो, हात जोडले, तर त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, दुःख आहे. दहाव्यालाही तेच. माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला तो न बघता.

चौदाव्या दिवशी रविवार होता. सवयीने गाडी तिकडेच वळली. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या, आत या म्हणाल्या नाहीत. शेडकडे चालायला लागल्या, मी मागे. विमानाशी थांबल्या आणि पदराखालून एक फाईल काढली. पालघरच्या डॉक्टरची. तुझे रिपोर्ट, फिरत्या पट्टीवर पळवून काढलेला हृदयाचा आलेख, आणि शेवटच्या कागदावर डॉक्टरने स्वच्छ लिहिलेलं होतं की अँजिओग्राफी तातडीने करून घ्यावी, श्रम टाळावेत. तारीख तू जायच्या दोन महिने आधीची. आणि त्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पेंटची पिवळी रेघ.

"भाऊजी, ही रेघ तुमची ना?" वहिनींनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत त्यांनी सगळं सांगितलं, एका दमात, माझ्याकडे न बघता. फाईल त्यांना कपाटामागे सापडली होती. त्या तुला घेऊन तडक हॉस्पिटलात निघाल्या होत्या. तू म्हणालास, जानेवारीत विमान उडालं की दुसऱ्या दिवशी भरती होतो, आता फाडाफाडी केली तर सगळं राहील. त्या ऐकेनात. मग तू म्हणालास की भाऊजींनी फाईल वाचली आहे, त्यांच्या डॉक्टर मेव्हण्याला दाखवली आहे, आणि तो म्हणाला दोन-तीन महिने खुशाल निघतील. माझा मेव्हणा, हरेश. माझा मेव्हणा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे, म्हशींना इंजेक्शन देतो, हे तुला चांगलं ठाऊक होतं. वहिनी तरी मानेनात. त्या म्हणाल्या, भाऊजींनी पायलंय तर रेघ दाखवा. आणि रविवारी मी येऊन गेल्यावर तू त्यांना रेघ दाखवलीस.

त्याच्या पुढचा रविवार मला आठवतो. निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या होत्या. तुमी हाय म्हणून मला धीर हाय, म्हणाल्या. मला वाटलं विमानाचं बोलतायत. मी दात काढून म्हणालो, काळजी करू नका वहिनी, सगळं घट्ट आहे. मी माझ्या तोंडाने हे म्हणालो. आता ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

मी ती रेघ बघत उभा राहिलो. मी डावखुरा आहे. माझी रेघ वरून उजवीकडून येते, खाली डावीकडे जाते आणि शेवटाला जाड होते, कारण मी मार्कर दाबतो. यावरून तू मला पाच वर्षं चिडवलंस. आणि कागदावरची रेघ सरळ, बारीक, सारख्या जाडीची. तू पट्टी लावून ओढली होतीस. खोटं करतानाही तुला वाकडी रेघ मारवेना. डब्यातून माझा पिवळा मार्कर काढलास, टोपण उघडलंस, पट्टी धरलीस, आणि स्वतः आवळलेल्या नटावर माझी खूण केलीस. माझ्या हाताने तू आपल्या बायकोला फसवलंस. आणि तिला ती रेघ ओळखता आली नाही, कारण ती रंगाकडे बघत होती, वळणाकडे बघायचं आपण तिला कधी शिकवलंच नव्हतं.

मला ओरडायचं होतं. शेजारच्या मार्करने दुसरी रेघ ओढून दाखवायची होती, की बघा वहिनी, ही माझी. दहा सेकंदांचं काम होतं. डबा हाताशी होता.

मग मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्या उत्तराची वाट बघत नव्हत्या. त्यांचं ठरलेलं होतं. चौदा दिवस त्यांनी ती फाईल उशाखाली ठेवली होती आणि चौदा दिवस त्यांना कोणीतरी एक माणूस होता ज्याला त्या शिव्या देऊ शकत होत्या. मी तो काढून घेतला असता तर मागे फक्त तू उरला असतास. चाळीस पावलांवर घर, त्यात तुझा हार घातलेला फोटो, आणि तो फोटो त्यांच्याशी खोटं बोललेला.

"हो वहिनी," मी म्हणालो. "माझीच."

"तुमाला वाचता येत होतं ना काय लिवलंय ते?"

"येत होतं. वाटलं, निघतील दोन महिने."

त्यांनी फाईल बंद केली. रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "ते विमान घेऊन जा. आनि आता इथे येऊ नका."

दुसऱ्या दिवशी टेम्पो करून आणलं. पंख सुटे केले तर एक एक स्क्रू काढताना माझी रेघ, तुझी रेघ, माझी रेघ, तुझी रेघ. धड माझ्या खोलीत तिरकं मावलं आहे, कॉट पुन्हा बाहेर आहे. पंख मालकाच्या परवानगीने जिन्याखाली, गोधडीत गुंडाळून. बिहारकडचे खाली राहणारे कामगार येऊन बघून जातात आणि असली है क्या विचारतात. धावपट्टीवाल्यांचा फोन आला, जानेवारीचं काय. मी म्हणालो कळवतो. उडवणारा तू होतास. माझे हात लेथचे, ते रिमोटच्या काड्या हळू फिरवू शकत नाहीत, मी ते पहिल्याच फेरीत शेतात घुसवीन. आणि खरं सांगू, घुसवावंसंही वाटतं. पूर्ण वेगाने, तुझ्या चारही अर्ध्या मिलिमीटरच्या तोफांसकट.

दोन महिने, हरेश. इतकं कसलं मेलं घोडं अडलं होतं? फेब्रुवारीत नसती का रे मिळाली तारीख? त्यांच्याकडे वर्षभर धावपट्टी तिथेच असते, ती काय गाडी आहे सुटून जायला. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. म्हणून तर तू मला विचारलं नाहीस. पाच वर्षं तुझा प्रत्येक स्क्रू मी तपासला आणि तुझ्या छातीतलं एक काम तू मला दाखवलं नाहीस, कारण त्याच्यावर मी रेघ मारणार नाही हे तुला पक्कं माहीत होतं.

परवा बाजारात वहिनी दिसल्या. पालघरला, स्टेशनजवळ, भाजी घेत होत्या. मला बघून त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडला. चेहऱ्यावर असा संताप होता की माणसांनी वळून बघितलं. तुझा शेजारी सांगत होता, संध्याकाळी तुझ्या फोटोपुढे दिवा लावतात, जवळ बसतात, तुझ्याशी बोलतात, खूप रडतात. बरं झालं. त्यांचा सगळा राग माझ्याकडे आहे, त्यामुळे तुझ्या वाट्याला नुसतं रडणं जातं. दोन्ही एकाच माणसासाठी करायची वेळ आली की काय होतं ते मी त्या रविवारपासून बघतोय. मला अजून एकदाही रडू आलेलं नाही.